रक्ताच्या कर्करोगाच्या रिपोर्टमधली 'सीडी' अक्षरे: प्रथिनांच्या खुणा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

समजा, तुम्ही बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये राहता. घरातल्या मुलाला दोन आठवडे ताप येतो-जातो, चेहरा पांढरा पडलाय, पायावर लाल ठिपके दिसतात. जवळच्या डॉक्टरांनी सीबीसी करायला सांगितले. रिपोर्टवर लॅबने लिहिले, 'ब्लास्ट पेशी दिसतात, तातडीने रक्तविकारतज्ज्ञांना भेटा.' मग बोनमॅरो झाली आणि चार दिवसांनी हातात एक कागद आला. त्यावर सीडी१९ पॉझिटिव्ह, सीडी१० पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह, एमपीओ निगेटिव्ह अशा वीस-पंचवीस ओळी. शेवटी एका वाक्यात निदान.

किंवा घरातल्या आजोबांच्या मानेला गाठ आहे. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये सीडी२०, सीडी५, केआय-६७ असे काहीबाही लिहिलेले आहे.

अशा वेळी बहुतेक जण मोबाईलवर एकेक शब्द शोधू लागतात आणि रात्रभर झोपत नाहीत. 'इतक्या गोष्टी पॉझिटिव्ह आल्या म्हणजे आजार फार पसरलाय का?' हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर आहे, नाही. या कागदावरच्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ वेगळा आहे. तो समजून घेतला तर भीती थोडी कमी होते आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात.

प्रथिनांच्या खुणा म्हणजे नेमके काय?

आपल्या रक्तातली प्रत्येक पांढरी पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे बोनमॅरोमध्ये जन्मते. लहान असताना तिच्या आवरणावर एक प्रकारची प्रथिने असतात. मोठी होताना त्यातली काही जातात, नवी येतात. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशींवर एक संच असतो, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींवर दुसरा, तर मायलॉइड पेशींवर तिसरा. म्हणजेच आवरणावरची प्रथिने पाहिली की पेशी कोणत्या घराण्यातली आहे आणि तिचे वय किती, हे कळते.

कर्करोग झालेली पेशी ही बहुधा वाढीच्या एका टप्प्यावर अडकून पडलेली आणि तिथेच बेसुमार वाढत सुटलेली पेशी असते. तिने आपल्या मूळ घराण्याच्या बऱ्याच खुणा राखलेल्या असतात. काही खुणा ती हरवते, तर काही नको त्या खुणा मिरवते. या फरकावरूनच तिला ओळखता येते.

म्हणून 'सीडी१९ पॉझिटिव्ह' याचा अर्थ एवढाच की तपासलेल्या पेशी बी घराण्यातल्या आहेत. तुमच्या-माझ्या निरोगी बी पेशीही सीडी१९ पॉझिटिव्हच असतात. एका खुणेवरून कर्करोग ठरत नाही. सगळ्या खुणांचा मेळ लावून निदान होते.

'सीडी' हे नाव आले कुठून?

१९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची पद्धत शोधली. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर जगभरातल्या प्रयोगशाळा पेशींवरची नवनवी प्रथिने शोधू लागल्या आणि एकाच प्रथिनाला प्रत्येक जण वेगळे नाव देऊ लागला. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९८२ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय बैठक झाली आणि क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. सीडी हे 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन'चे लघुरूप. आज अशा साडेतीनशेहून अधिक खुणांना क्रमांक मिळालेले आहेत. क्रमांक मोठा म्हणजे आजार मोठा, असा काही संबंध नाही. तो फक्त नोंदणीचा नंबर आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भागत नाही का?

पहिली पायरी आजही तीच आहे. काचेवर रक्ताचा थर पसरवून डॉक्टर तो डोळ्यांनी पाहतात. त्यात ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी दिसल्या तर ल्युकेमियाचा संशय येतो. पण लिम्फॉइड ब्लास्ट आणि मायलॉइड ब्लास्ट अनेकदा इतके सारखे दिसतात की अनुभवी डोळ्यालाही खात्री देता येत नाही. दोघांचे उपचार मात्र पूर्ण वेगळे आहेत. लहान मुलांमधल्या लिम्फॉइड ल्युकेमियाचा उपचार सुमारे दोन-अडीच वर्षे चालतो. मायलॉइड ल्युकेमियात थोड्या काळात फार जोरदार औषधे द्यावी लागतात. चुकीच्या घराण्याचा उपचार सुरू झाला तर वेळ जातो, ताकद जाते आणि पैसाही जातो. म्हणून खुणांची तपासणी झाल्याशिवाय आज कोणताही रक्तविकारतज्ज्ञ पुढे जात नाही.

या खुणा शोधतात कशा?

मुख्य पद्धती तीन आहेत.

*फ्लो सायटोमेट्री.* रक्त किंवा बोनमॅरो यांसारख्या पातळ नमुन्यासाठी ही पद्धत वापरतात. नमुन्यात वेगवेगळ्या रंगांनी चमकणारी प्रतिपिंडे मिसळतात. ज्या पेशीवर जी खूण असेल तिला ते प्रतिपिंड चिकटते. मग पेशी एका बारीक प्रवाहातून एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात. पेशीचा आकार, आतली दाणेदार रचना आणि चिकटलेले रंग यंत्र टिपत जाते. काही मिनिटांत हजारो-लाखो पेशींची अशी मोजणी होते. यासाठी पेशी जिवंत आणि ताज्या लागतात.

*इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे आयएचसी.* ही गाठीच्या तुकड्यासाठी. गाठ काढून फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्यालाच ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे पातळ काप काचेवर घेऊन त्यावर एकेक प्रतिपिंड लावतात. खूण असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. इथे पेशींबरोबर गाठीची अंतर्रचनाही दिसते. लिम्फोमामध्ये ती फार महत्त्वाची असते.

*रक्तातले आणि लघवीतले प्रथिन मोजणे.* काही कर्करोगांत पेशी स्वतःच एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतात. मायलोमा हे त्याचे मोठे उदाहरण. त्याविषयी पुढे वाचा.

कोणत्या आजारात कोणत्या खुणा पाहतात?

पुढची यादी तुमचा रिपोर्ट वाचताना मदत म्हणून आहे. त्यावरून स्वतः निदान करू नका.

- *बी घराण्याचा तीव्र लिम्फॉइड ल्युकेमिया:* सीडी१९, सीडी२२, सीडी७९ए आणि बहुधा सीडी१०. सोबत अपरिपक्वतेच्या खुणा, म्हणजे सीडी३४ किंवा टीडीटी. मुलांमधला हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे.
- *टी घराण्याचा तीव्र लिम्फॉइड ल्युकेमिया:* पेशीच्या आतले सीडी३, तसेच सीडी७, टीडीटी.
- *तीव्र मायलॉइड ल्युकेमिया:* एमपीओ, सीडी१३, सीडी३३, सीडी११७. पूर्ण निदानासाठी जनुकांची तपासणीही लागते.
- *क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया:* बी पेशींवर सीडी१९ आणि सीडी२३ असतातच, शिवाय टी पेशींची समजली जाणारी सीडी५ ही खूणही असते. सीडी२० फिके असते. बहुतेक रुग्ण वयस्कर असतात. अनेकांना लगेच उपचार लागत नाहीत, फक्त लक्ष ठेवावे लागते.
- *मँटल सेल लिम्फोमा:* इथेही सीडी५ पॉझिटिव्ह असते. पण सीडी२३ बहुधा नसते आणि सायक्लिन डी१ असते. वरच्या आजाराशी नाते दिसले तरी वागणूक वेगळी, म्हणून हा फरक जपून पाहतात.
- *डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा:* मोठ्या पेशी, सीडी२० पॉझिटिव्ह. आजार वेगाने वाढतो, पण अनेक रुग्ण उपचाराने पूर्ण बरे होतात.
- *हॉजकिन लिम्फोमा:* सीडी३० आणि बहुधा सीडी१५ पॉझिटिव्ह, सीडी४५ निगेटिव्ह. गाठीत कर्करोगाच्या पेशी मोजक्याच असतात, बाकी गर्दी साध्या पेशींची. त्यामुळे नेहमीच्या फ्लो सायटोमेट्रीत हा सहसा सापडत नाही, गाठीची बायोप्सीच लागते.

'केआय-६७' हा आकडा अनेकांना घाबरवतो. किती टक्के पेशी त्या वेळी विभाजनाच्या फेऱ्यात आहेत, एवढे तो सांगतो. ८० टक्के म्हणजे शरीराचा ८० टक्के भाग व्यापला, असे मुळीच नाही. आजाराचा टप्पा, म्हणजे स्टेज, या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी स्कॅन आणि गरजेप्रमाणे बोनमॅरो करतात.

संसर्ग की कर्करोग? 'कॅपा-लॅम्डा'चे गणित

रिपोर्टमध्ये 'लाइट चेन रिस्ट्रिक्शन' असा शब्द दिसला तर त्यामागचा विचार सोपा आहे. प्रत्येक परिपक्व बी पेशी कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकच साखळी बाळगते. निरोगी शरीरात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळून असतात, कॅपावाल्या थोड्या जास्त. जंतुसंसर्गात गाठ सुजली तर दोन्ही प्रकारच्या पेशी वाढतात, कारण शरीर अनेक पेशींना कामाला लावते.

कर्करोग मात्र एका बिघडलेल्या पेशीपासून सुरू होतो. तिची सगळी पिल्ले तिच्यासारखीच. त्यामुळे गाठीतल्या जवळपास सगळ्या बी पेशी फक्त कॅपावाल्या किंवा फक्त लॅम्डावाल्या निघाल्या, तर त्या एकाच पेशीची वंशावळ आहेत असा अर्थ निघतो. साधी सूज आणि लिम्फोमा यांच्यात फरक करायला हा मोठा आधार आहे.

मायलोमा: रक्तात उतरणारी खूण

साठीच्या पुढचा माणूस, कंबर सतत दुखते, हिमोग्लोबिन उतरलेले, क्रिएटिनिन वाढलेले. कंबरदुखीला वयाचे कारण देऊन महिनोन्‌महिने फक्त वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर मल्टिपल मायलोमाचा विचार करायला हवा. मूत्रपिंडावर आधीच ताण असताना वेदनाशामक गोळ्यांनी त्याचे आणखी नुकसान होऊ शकते.

मायलोमात प्लाझ्मा पेशी एकाच साच्याचे प्रतिपिंड भरमसाठ तयार करतात. त्याला एम प्रथिन म्हणतात. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत ते एका टोकदार उंचवट्यासारखे दिसते. इम्युनोफिक्सेशनने त्याचा प्रकार कळतो. काही रुग्णांत पूर्ण प्रतिपिंड बनतच नाही, फक्त साखळ्या बनतात. म्हणून फ्री लाइट चेन ही तपासणीही सोबत करतात. लघवीत उतरणाऱ्या अशा प्रथिनाचे वर्णन हेन्री बेन्स जोन्स या इंग्रज डॉक्टरांनी १८४० च्या दशकात केले होते. कर्करोगाची खूण म्हणून ओळखले गेलेले हे सर्वांत जुने प्रथिन मानले जाते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, एम प्रथिन सापडले म्हणजे मायलोमा झालाच असे नाही. पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांत ते थोड्या प्रमाणात आढळते. त्याला एमजीयूएस म्हणतात. त्यातून दरवर्षी साधारण १ टक्का लोकांमध्येच पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. त्यांना औषध नको, ठरावीक काळाने तपासणी हवी. दुसरी, मायलोमाच्या निदानासाठी बोनमॅरो, कॅल्शियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि हाडांचे स्कॅन हे सगळे एकत्र पाहावे लागते.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि एलडीएच या तपासण्याही सांगितल्या जातात. त्या निदानासाठी नसून आजाराचा जोर किती हे समजण्यासाठी असतात. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर पहिला आकडा आपोआप वाढतो. नळीत रक्तपेशी फुटल्या तर दुसरा खोटाच वाढलेला दिसतो.

'ट्यूमर मार्कर पॅकेज' करून घ्यावे का?

हल्ली आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये सीईए, सीए-१२५ असे मार्कर असतात. ते नॉर्मल आले म्हणून 'रक्ताचा कर्करोग नाही' असे समजू नका. या मार्करचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमाच्या निदानाशी संबंध नाही. संशय असेल तर पहिली तपासणी अगदी साधी आहे. सीबीसी आणि त्यासोबत रक्ताचा थर डॉक्टरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. ही कात्रपमध्येही होते, त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही.

मानेची गाठ: इथे वेळ वाया जातो

आपल्याकडे क्षयरोग म्हणजे टीबी खूप आहे. मानेत गाठ आली की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो, आणि त्यात चूक काही नाही. चूक तेव्हा होते जेव्हा पुराव्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. ताप, घाम, वजन घटणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असतात. कधी गोळ्यांसोबत स्टेरॉइड दिले जाते, गाठ लहान होते, सगळ्यांना बरे वाटते. पण स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठही काही काळ आक्रसते. नंतर बायोप्सी केली तर तिच्यात ओळखण्याजोग्या पेशीच उरत नाहीत.

म्हणून हे पाळा.

- सुई घालून केलेली एफएनएसी ही पहिली पायरी आहे. टीबी सापडायला ती उपयोगी पडते, त्याच नमुन्यावर सीबीनॅटही करता येते. पण लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला शक्यतो अख्खी गाठ काढून बायोप्सी लागते.
- टीबीचे औषध सुरू असूनही गाठ कमी होत नसेल किंवा नव्या गाठी येत असतील, तर 'बायोप्सी करायची का?' असे स्वतःहून विचारा. टीबीत उपचार सुरू असताना गाठ काही दिवस वाढूही शकते, त्यामुळे गोळ्या मनाने बंद करू नका.
- प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे बायोप्सीआधी घेऊ नका. श्वासनलिकेवर दाब आला असेल तर डॉक्टरांना ती तातडीने द्यावी लागतात, तो निर्णय त्यांचा. आधी घेतली असतील तर लपवू नका, नाव आणि तारीख सांगा.

नमुना देताना काय पाहावे?

तपासणी कितीही चांगली असली तरी नमुना खराब गेला तर उत्तर खराब येते. आपल्या भागातून फ्लो सायटोमेट्रीचे नमुने बहुधा मुंबई-ठाण्याच्या मोठ्या लॅबकडे जातात. तेव्हा एवढे विचारून घ्या.

- फ्लो सायटोमेट्रीसाठी नमुना बहुधा जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तो शक्यतो २४ तासांत लॅबमध्ये पोहोचावा. शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहणार का, हे आधीच विचारा.
- नमुना बर्फात गोठवायचा नाही आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीतही ठेवायचा नाही.
- जनुकांच्या काही तपासण्यांना वेगळ्या नळ्या लागतात. सगळे एकाच वेळी घेतले तर पुन्हा सुई टोचावी लागत नाही.
- गाठ फॉर्मालिनमध्ये टाकली की तिच्यावर फ्लो सायटोमेट्री होत नाही. ती हवी असेल तर ताजा तुकडा आधीच वेगळा काढावा लागतो. गाठ घरातल्या बाटलीत, पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये नेऊ नका.
- लॅबच्या फॉर्मवर वय, लक्षणे, सीबीसीचे आकडे आणि चालू औषधे लिहिली आहेत का ते पाहा. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती नसेल तर त्यांनाही अंधारातच चाचपडावे लागते.

निदानानंतरही या खुणा कामाला येतात

जी खूण कर्करोगाच्या पेशीवर आहे तिच्यावरच नेम धरणारी औषधे आज आहेत. सीडी२० वर काम करणारे रिटुक्सिमॅब १९९७ साली अमेरिकेत मान्य झाले. २००७ पासून त्याची भारतीय कंपनीने बनवलेली आवृत्ती मिळू लागली आणि किंमत उतरली. हे औषध देण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो. सीडी३८ वर डाराटुमुमॅब, सीडी३० वर ब्रेंटुक्सिमॅब ही आणखी उदाहरणे. रिपोर्टमध्ये ती खूण निगेटिव्ह असेल तर ते औषध सहसा उपयोगाचे नसते. म्हणूनच हा कागद जपून ठेवायचा.

याचे अगदी जवळचे उदाहरण म्हणजे नेक्सकार१९. नावातला '१९' हा सीडी१९ मधलाच. रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी काढून त्यांना सीडी१९ ओळखायला शिकवायचे आणि परत शरीरात सोडायचे, अशी ही कार-टी उपचारपद्धती. ती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून तयार झाली. २०२१ साली खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला ती दिली गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला तिचे लोकार्पण झाले. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी, १५ वर्षांवरील रुग्णांना ती देता येते. ती सगळ्यांना लागत नाही, सगळ्यांना लागू पडतही नाही आणि खर्चही मोठा आहे. उपचारानंतर काही रुग्णांत कर्करोगाची पेशी सीडी१९ ही खूणच टाकून देते. म्हणून आजार उलटला तर खुणा नव्याने तपासाव्या लागतात, जुन्या रिपोर्टवर विसंबता येत नाही.

दुसरा उपयोग म्हणजे उरलेला आजार मोजणे. ल्युकेमियाच्या पहिल्या टप्प्यातील उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली बोनमॅरो स्वच्छ दिसते. तरीही दहा हजार पेशींत एखादी कर्करोगाची पेशी लपलेली असू शकते. फ्लो सायटोमेट्री तिला शोधते. याला एमआरडी म्हणतात. लिम्फॉइड ल्युकेमियात ०.०१ टक्का ही नेहमी वापरली जाणारी सीमा आहे. त्यापेक्षा जास्त पेशी उरल्या असतील तर पुढचा उपचार अधिक कडक करायचा का, हे डॉक्टर ठरवतात. 'मूल बरे दिसतेय, मग पुन्हा बोनमॅरो कशाला?' या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ही तपासणी टाळू नका.

खुणांच्या मर्यादा

काही आजारांत खरी ओळख जनुकांतून पटते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे निदान बीसीआर-एबीएल या जनुकाच्या तपासणीने होते, सीडी खुणांनी नाही. एपीएल या प्रकारच्या ल्युकेमियात फ्लो सायटोमेट्री संशय दाखवते, पण पक्के निदान पीएमएल-आरएआरए या तपासणीने होते. हा आजार तातडीचा आहे, रक्तस्रावाचा धोका मोठा असतो. म्हणून संशय येताच, रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर औषध सुरू करतात. वेळेवर सुरू केले तर बरे होण्याची शक्यता खूप चांगली असते.

कुठे जायचे आणि सोबत काय न्यायचे?

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून काम करते. त्याच्याच छत्राखालचे ॲक्ट्रेक खारघरला आहे. बदलापूरहून परळला लोकलने थेट जाता येते. खारघरसाठी ठाण्याला उतरून पनवेलची गाडी धरायची. महापालिकेच्या केईएम रुग्णालयातही रक्तविकार विभाग आहे. कुठेही गेलात तरी ही पिशवी तयार ठेवा.

- आतापर्यंतचे सगळे सीबीसी रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून.
- बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. काचा आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासतात. ब्लॉक असला की अनेकदा दुसरी बायोप्सी टळते.
- फ्लो सायटोमेट्रीचा पूर्ण रिपोर्ट, आलेखांसह. फक्त शेवटच्या ओळीचा मोबाईल फोटो नको.
- औषधांच्या चिठ्ठ्या, विशेषतः टीबीची औषधे आणि स्टेरॉइडच्या.
- रेशन कार्ड आणि आधार कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. कोणता उपचार आणि कोणती तपासणी योजनेत बसते, हे पैसे भरण्याआधी त्याला विचारा.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

१. खुणांवरून आजाराचे नेमके नाव काय ठरले? ते कागदावर लिहून द्याल का?
२. निदान पक्के आहे की आणखी जनुकांची तपासणी बाकी आहे?
३. लगेच उपचार हवा की लक्ष ठेवून चालेल?
४. आमच्या रिपोर्टमधल्या एखाद्या खुणेवर नेम धरणारे औषध आहे का?
५. एमआरडी कधी करायची आणि त्यावरून काय बदलेल?

केव्हा थांबू नये?

नाक-हिरड्यांतून थांबत नसलेले रक्त, अंगावर लाल-निळे ठिपके, ब्लास्ट पेशींचा रिपोर्ट आणि सोबत ताप, झोपल्यावर श्वास कोंडणे किंवा चेहरा सुजणे, कंबरदुखीसोबत पायांतली ताकद जाणे. यांपैकी काहीही असेल तर सीडी रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. खुणांचा रिपोर्ट मागाहून येईल, उपचार करणारे डॉक्टर त्याची वाट पाहत आवश्यक ती काळजी सुरू करू शकतात.

हातातल्या कागदावरची वीस पॉझिटिव्ह-निगेटिव्ह अक्षरे म्हणजे वीस वाईट बातम्या नाहीत. तुमच्या माणसाला नेमका कोणता आजार आहे, म्हणजे नेमके कोणते औषध लागेल, हे शोधण्यासाठी विचारलेल्या वीस प्रश्नांची ती उत्तरे आहेत. बरे होऊ शकणारे अनेक रक्ताचे कर्करोग याच उत्तरांमुळे वेळेवर ओळखले जातात. कागद जपा, तारखा लिहून ठेवा आणि न समजलेले पुन्हा विचारायला संकोच करू नका.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रिपोर्टचा अर्थ तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.*